सोलापूरच्या उन्हातले विमान आणि टेबलाखालचे कॅबिनेट

विमानतळाला अडथळा ठरलेली सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली आणि ९ जून २०२५ पासून सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली. या मार्गावर फ्लाय९१ कंपनीचे एटीआर ७२-६०० जातीचे विमान उडते. नेमके हेच विमान मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्येही आहे. म्हणजे होटगी रस्त्यावरच्या धावपट्टीवरून उठून, सिद्धेश्वर तलाव आणि भुईकोट किल्ला मागे टाकत गोव्याची वाट धरणे घरबसल्या शक्य आहे. त्यासाठी असेंबल्ड पीसी करून घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो ग्राफिक्स कार्डाचा, आणि निम्म्याहून अधिक पैसे तिथेच संपवून बसतो. गोळीबाराच्या किंवा शर्यतीच्या खेळासाठी हा हिशेब चालून जातो. विमानाच्या सिम्युलेटरसाठी तो चुकतो आणि सोलापुरात दुप्पट चुकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. इथे आधी प्रोसेसर, मग त्याला थंड ठेवणारी हवा आणि स्वच्छ वीज, आणि त्यानंतर ग्राफिक्स कार्ड असा क्रम हवा.

याचे कारण सिम्युलेटर करतो त्या कामातच आहे. पडद्यावर सेकंदाला ३० चित्रे दिसायची असतील तर एका चित्राला ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० हवी असतील तर १७ देखील मिळत नाहीत. तेवढ्या वेळात वारा, इंजिन आणि सुकाणूच्या पृष्ठभागांवरचा दाब यांचा हिशेब करायचा, कॉकपिटमधली उपकरणे रेखायची, आसपासची विमाने हलवायची आणि समोरच्या दृश्याची मांडणी ग्राफिक्स कार्डाच्या हाती द्यायची. एक्स-प्लेन हा सिम्युलेटर तर पंखाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचे बल वेगळे काढतो. बलावरून त्वरण, त्वरणावरून वेग, वेगावरून नवी जागा, आणि नव्या जागेवरून पुन्हा नवे बल. मागची पायरी झाल्याशिवाय पुढची सुरूच होत नाही. अशी एकामागून एक करायची कामे प्रोसेसरच्या आठ गाभ्यांत (कोअरमध्ये) वाटून देता येत नाहीत. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिले होते की, एखाद्या कामाचा निम्मा भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर जोडले तरी ते काम दुपटीपेक्षा जास्त वेगाने होत नाही. सिम्युलेटरचा मुख्य धागा (थ्रेड) एका गाभ्यावर अडून बसतो तो यामुळे.

त्या एका गाभ्याचाही बराच वेळ आकडेमोडीत जात नाही. तो वाट पाहण्यात जातो. पाच गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे एका नॅनोसेकंदात पाच ठोके पडतात. हवी ती माहिती रॅममधून आणायला सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद लागले, तर साडेतीनशे ते चारशे ठोके वाया गेले. तीच माहिती चिपवरच्या कॅशमध्ये असेल तर दहाएक नॅनोसेकंदांत हाती येते. एएमडीच्या दोन प्रोसेसरांची तुलना इथे बोलकी आहे. रायझन ७ ७७००एक्स आणि रायझन ७ ७८००एक्स३डी या दोघांतही आठच गाभे. पहिल्याचा कमाल वेग ५.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ५. पण पहिल्याची तिसऱ्या पातळीची कॅश ३२ मेगाबाइट, तर दुसऱ्याची ९६. कागदावर मंद दिसणारा हा दुसरा प्रोसेसर सिम्युलेटरमध्ये ठळकपणे पुढे राहतो. त्याचा मोठा फायदा चित्रांच्या सरासरी वेगापेक्षा अडखळणे कमी होण्यात दिसतो. उतरताना विमानाचा वेग ताशी २०० किलोमीटर धरला, तर चित्र सेकंदाच्या पाचव्या भागाइतके थबकले तरी विमान ११ मीटर पुढे गेलेले असते. चाके टेकायच्या बेतात असताना हा झटका बसला की नाक किती उचलायचे याचा अंदाज हमखास चुकतो.

यावर आक्षेप येतो की, आता नवे सिम्युलेटर काम अधिक गाभ्यांत वाटतात आणि ग्राफिक्स कार्डे मधली चित्रे स्वतःच तयार करून देतात, मग प्रोसेसरचे एवढे कौतुक कशाला? पहिला मुद्दा खरा आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरच्या २०२४ च्या आवृत्तीत ही वाटणी आधीपेक्षा बरी झाली आहे, तरी मुख्य धागा संपलेला नाही. दुसरा मुद्दा जास्त फसवा आहे. कार्डाने मध्ये घातलेले चित्र डोळ्याला सुखावते, पण त्यात विमानाचा नवा हिशेब नसतो. जॉयस्टिक हलवल्यापासून विमानाने प्रतिसाद देईपर्यंतचा वेळ त्याने घटत नाही. फोर-के पडदा किंवा व्हीआर वापरणाऱ्याला मोठे कार्ड लागते हे मात्र मान्य करायलाच हवे. आपली अडचण कुठे आहे हे तपासायला सोपी चाचणी आहे. चित्राचे रिझोल्यूशन निम्म्यावर आणा. चित्रांचा वेग वाढला तर कार्ड कमी पडते आहे. तो जागचा हलला नाही तर नवे कार्ड घेऊन एक चित्रही वाढणार नाही. साध्या पडद्यासाठी आरटीएक्स ५०६० टीआयसारखे १६ गिगाबाइट स्मृतीचे कार्ड पुरेसे आहे. ते १८० वॅट घेते. आरटीएक्स ५०९० घेते ५७५. घेतलेला प्रत्येक वॅट उष्णता होऊन खोलीत येतो, म्हणून हा फरक सोलापुरात फार महत्त्वाचा ठरतो.

प्रोसेसरच्या परदेशी चाचण्या बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे जातो आणि स्लॅबखालची खोली ३७-३८ वर असते. पंख्याचा कूलर असो की पाण्याचा, तो चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १५ अंशांनी तापली की चिपही जवळजवळ तेवढीच तापते. परदेशी खोलीत ७८ अंशांवर स्थिरावणारी चिप इथे ९३ वर जाऊ पाहते. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ आहे, तेव्हा तो स्वतःच वेग उतरवतो. त्यात हवाही विरळ. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर आहे. त्या उंचीचे प्रमाण तापमान १२ अंश. दुपारी ४२ असेल तर फरक ३० अंशांचा. दर अंशाला साधारण १२० फूट हा वैमानिकांचा ठोकताळा लावला, तर विमानाच्या पंखांपुरते सोलापूर पाच हजार फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर जाऊन बसते. उड्डाणाला लांब धाव लागते ती म्हणून. कॅबिनेटच्या पंख्यालाही हाच नियम लागू आहे. तो मिनिटाला तेवढेच घनफळ हलवतो, पण त्यातले हवेचे वस्तुमान समुद्रकाठच्या थंड खोलीपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी असते, आणि उष्णता वाहून नेते ते वस्तुमानच. पडद्यावरच्या एटीआरला आणि टेबलाखालच्या कॅबिनेटला एकच हवा एकाच कारणाने अडवते, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर भौतिकशास्त्र वाटते.

म्हणून कॅबिनेट निवडताना समोरची काच आणि रंगीत दिवे विसरावेत. पुढचा भाग जाळीचा हवा आणि जाळीमागचा फिल्टर हाताने काढून धुता यायला हवा. यंत्रमागांच्या या शहरात, विशेषतः पूर्व भागात, हवेत सुताचे बारीक तंतू असतात. साधी धूळ फुंकरीने उडते, पण तंतू हीटसिंकच्या पात्यांमध्ये गुंततात, त्यांच्यावर धूळ बसते आणि पाहता पाहता नमद्यासारखा थर तयार होतो. आत खेचणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवले, तर हवा फिल्टरमधूनच आत येते, फटींतून नाही. खोलीत वाळ्याचा किंवा हनीकोंबचा कूलर लावावा का? जरूर लावावा. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असल्याने त्याने खोली आठ-दहा अंशांनी सहज उतरते. फक्त त्याचा ओलसर झोत थेट कॅबिनेटवर नको.

एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या भागाच्या बाबतीत दुकानदार वॅटचा आकडा सांगतो. आपण कार्यक्षमतेची ८० प्लस गोल्ड ही खूण पाहावी. वर सुचवलेली जुळणी साडेतीनशे वॅटच्या आत राहते, त्यामुळे साडेसहाशेचा चांगला एसएमपीएस निम्म्या भारावर, म्हणजे सर्वाधिक कार्यक्षमतेच्या टप्प्यात चालतो. रोज तीन तास धरले तर महिन्याला तीसेक युनिट वीज. दाब खाली-वर होणाऱ्या भागात प्युअर साइन वेव्ह यूपीएस घ्यावा. चौकोनी लहरींच्या स्वस्त यूपीएसवर आजचे चांगले एसएमपीएस कधी कधी वीज जाताक्षणीच बंद पडतात. हा खर्च अनेकांना फालतू वाटतो, पण उन्हाळी वादळात तोच मदरबोर्ड वाचवतो.

बाकीचे थोडक्यात. रॅम ३२ गिगाबाइट. २०२४ च्या आवृत्तीची शिफारसही तेवढीच आहे, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भडकल्यामुळे ६४ चा मोह आवरावा. एसएसडी एनव्हीएमईच हवी. जमिनीची चित्रे इंटरनेटवरून येतात, त्यासाठी सेकंदाला ५० मेगाबिटची जोडणी सुचवलेली आहे. ती नसेल तर कितीही महागडे कार्ड लावले तरी खालचे सोलापूर धूसरच दिसेल.

एवढे करण्यापेक्षा एक्सबॉक्स घेतलेला काय वाईट, असे कोणी म्हणेल. खर्चात तो स्वस्त आहे आणि ज्याला फक्त फेरफटका मारायचा आहे त्याने तोच घ्यावा. पण एक्स-प्लेन किंवा मोफत मिळणारा फ्लाइटगिअर त्यावर चालत नाही, आणि पुढे एखादा सुटा भाग बदलताही येत नाही. घरच्या सिम्युलेटरवरचे तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत, हेही खरे. उपकरणे वाचण्याची आणि चेकलिस्ट पाळण्याची सवय मात्र इथे लागते, ती हाताशी धड नियंत्रणे असतील तरच. लहान कार्ड घेऊन वाचलेले पैसे जॉयस्टिक आणि रडर पेडलांवर घालावेत ते याचसाठी. घेताना हॉल सेन्सरची विचारावीत. साध्या जॉयस्टिकमध्ये घासणारा संपर्क असतो. त्यात धूळ शिरली की हात स्थिर असूनही विमान थरथरते. हॉल सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो, त्यात घासण्यासारखे काही नाही. आणि पावसाळ्यात धावपट्टीला आडवा वारा लावून एटीआर उतरवायचे असेल, तर नाक सरळ ठेवण्याचे काम पायांनीच करावे लागते.