संगणकांचा वाटाड्या

नांदेडच्या स्थानकावर उतरलेला परगावचा यात्रेकरू सचखंड गुरुद्वाऱ्याची वाट विचारतो, तेव्हा सांगणाऱ्याच्या शब्दाखेरीज त्याच्यापाशी दुसरा आधार नसतो. सांगणारा माहीतगार असेल तर यात्रेकरू सुखरूप पोहोचतो. नसेल तर चुकीच्या वाटेनेही तो तितक्याच विश्वासाने चालू लागतो. इंटरनेटवर अशी वाट सांगण्याचे काम डीएनएस सर्व्हर करीत असतो. या वाटाड्याची वेळोवेळी दुरुस्ती का करावी लागते, हे प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने जाणून घेण्यासारखे आहे.

संगणक एकमेकांस अंकांनी ओळखतात. मनुष्यास मात्र नावेच ध्यानात राहतात. या दोहोंची सांगड घालणारी डीएनएस ही पद्धती पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. समजा, लातूरच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थिनीस नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे संकेतस्थळ पाहावयाचे आहे. तिच्या महाविद्यालयातील डीएनएस सर्व्हर प्रथम सर्वांच्या मुळाशी असलेल्या रूट सर्व्हरास विचारतो. तो भारताच्या ‘इन’ या शाखेकडे बोट दाखवितो. तेथून विद्यासंस्थांच्या ‘एसी डॉट इन’ या शाखेचा आणि शेवटी विद्यापीठाच्या नावाची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरचा ठावठिकाणा लागतो. तो अंकरूप पत्ता सांगतो. हे उत्तर ठराविक मुदतीपर्यंत जपून ठेवले जाते. म्हणजे पुढच्या विद्यार्थ्यासाठी तीच पायपीट नको.

सोय येथे आहे, आणि धोकाही येथेच आहे. जपून ठेवलेले उत्तर खोटे असेल, तर मुदत संपेपर्यंत विचारणाऱ्या प्रत्येकास तेच खोटे उत्तर मिळत राहते. २००८ साली डॅन कामिन्स्की या अमेरिकन संशोधकाने हा धोका किती निकट आहे ते दाखवून दिले. सर्व्हर प्रत्येक प्रश्नास एक क्रमांक देतो, आणि तोच क्रमांक घेऊन आलेले उत्तर खरे मानतो. हे क्रमांक अवघे ६५,५३६. अस्तित्वात नसलेली नवनवी नावे विचारीत राहून लबाडास हा क्रमांक पुनःपुन्हा अजमावता येत असे, आणि थोड्या अवधीत तो अचूक सापडे. उपाय असा की, क्रमांकाबरोबर प्रश्न ज्या द्वारातून, म्हणजे पोर्टमधून, निघतो तेही दर वेळी बदलावे. अनेक निर्मात्यांनी मिळून जुलै २००८ मध्ये ही दुरुस्ती एकाच वेळी प्रसिद्ध केली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘कीट्रॅप’ नावाचा निराळाच दोष उजेडात आला. उत्तरावरील डिजिटल सही पडताळण्याची जी व्यवस्था विश्वासासाठी केली, तिच्याच कामात सर्व्हरास गुंतवून ठेवता येई. कपटाने रचलेले एकच उत्तर त्यास पुरे होई. ‘बाइंड’ या सुप्रसिद्ध डीएनएस प्रोग्रामच्या ९.१८.२४ या आवृत्तीत त्यावर इलाज करण्यात आला.

परंतु इलाज प्रसिद्ध होणे निराळे आणि तो आपल्या यंत्रापर्यंत पोहोचणे निराळे. डेबियनसारख्या लिनक्स वितरणात ‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा केवळ उपलब्ध पॅकेजांची यादी ताजी करते. नवे पॅकेज बसते ते ‘ॲप्ट अपग्रेड’ने. पहिली आज्ञा देऊन स्वस्थ बसणे म्हणजे औषधांची यादी आणून औषध न घेणे होय. पॅकेज बसविण्यापूर्वी मांडणीच्या फायलींची प्रत काढून ठेवावी. नंतर ‘नेम्ड-चेककॉन्फ’ने त्या निर्दोष आहेत की नाहीत ते तपासावे. दोन सर्व्हर असल्यास एका वेळी एकच हाती घ्यावा.

रेड हॅटसारखी वितरणे पुष्कळदा जुना आवृत्तिक्रमांक तसाच ठेवून नवी दुरुस्ती त्यात बसवितात. यास्तव केवळ क्रमांक पाहून निवाडा करू नये. वितरणाचे सुरक्षापत्रक वाचावे.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. डिस्कवर नवा प्रोग्राम आला, तरी सेवा पुन्हा सुरू होईपर्यंत स्मृतीतील जुनाच प्रोग्राम उत्तरे देत राहतो. खरोखर कोणता चालू आहे, ते ‘आरएनडीसी स्टेटस’ सांगते. शेवटी ‘डिग’ने एक आतले व एक बाहेरचे नाव विचारून पाहावे. सही पडताळणी चालू असेल, तर मुद्दाम बिघडविलेल्या सहीचे एखादे नावही विचारावे. त्यास नकार मिळाला, म्हणजे राखणदार जागा आहे असे समजावे.

यातले काहीच त्या लातूरच्या विद्यार्थिनीस ठाऊक नसते. सर्व्हरने तिला बनावट ठिकाणी नेले तरी पडद्यावर नाव तेच दिसेल. ब्राउझरने दिलेल्या इशाऱ्याकडे घाईत तिचे दुर्लक्ष झाले, तर तिची परीक्षा-फी व तिचा पासवर्ड भलत्याच्याच हाती जाईल. वाट विचारणाऱ्यास वाट पारखता येत नाही. म्हणूनच सांगणाऱ्याची पारख ठेवण्याचे उत्तरदायित्व त्यास तेथे नेमणाऱ्यावर येते. वेळेवर केलेली दुरुस्ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही, आणि तिच्याबद्दल कोणी शाबासकीही देत नाही. पण तिच्याच जोरावर शेकडो माणसे रोज नेमक्या दारी पोहोचत असतात.