चाकांवरचं घर, वर्षभराची वॉरंटी

अमेरिकेत मोटारीमागे जोडून न्यायचं फिरतं घर म्हणजे ‘ट्रॅव्हल ट्रेलर’. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात अशी घरं मोठ्या संख्येनं बनतात. घर एक, वॉरंट्या मात्र अनेक! सांगाड्याची बहुधा वर्षाची; फ्रिज, एसी, टायर यांची ज्याच्या त्याच्या कारखानदाराची. छत गळलं की विक्रेता कारखान्याकडे बोट दाखवतो. सुटा भाग येईपर्यंत घर त्याच्या आवारात उभं, आणि मुलांची सुटी संपलेली. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानं वॉरंटीच्या अटी स्पष्ट लिहिणं बंधनकारक केलं. पण तक्रारीची नोंद गिऱ्हाइकानंच ठेवायची. तिथं राहणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना बँकेतला हा जुना माणूस एवढंच सांगेल : ताबा घेण्याआधी नळ, दिवे, छत तपासा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. ती मुदतीत केली होती, हे दाखवायला तीच पोच कामी येते.