बोल्ट आवळायची घाई

कंधारच्या किल्ल्यापासून जवळच माझं गॅरेज. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेत दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप बनवली. २०२१ साली उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. तेव्हापासून तशीच गाडी बनवायला माझेही हात शिवशिवत होते. शेवटी कामाला लागलो.

पुढच्या चाकांसाठी भंगारातल्या मारुती ८०० चा सांगाडा उचलला : खाली आडवा आर्म, वर एकाच नळीवर शॉकॲब्सॉर्बर अन् स्प्रिंग. स्प्रिंग दाबायला कॉम्प्रेसरच हवा. दोरीनं बांधाल तर सुटून जबडा फोडेल.

चूक केली ती वेगळीच. चाक लोंबकळत असतानाच आर्मचे बोल्ट गच्च आवळले. गाडी खाली उतरवली तर नाक वर! आतलं रबरी बुश पिळलं होतं. मग बोल्ट सैल केले, पुढं दोन पोरं बसवून चेसी हिंदकळवली, अन् वजन चाकांवर असतानाच पाना फिरवला.

टाय रॉड उद्या.