ग्रहणाची सावली आणि विजेचे जाळे

सूर्यग्रहणात सौरवीज घटते यात नवल नाही. ग्रीड सांभाळणाऱ्यांना धास्ती असते ती घटण्या-वाढण्याच्या वेगाची. ढग एका प्रकल्पावर आला तरी शेजारचा उन्हातच असतो. ग्रहणाची सावली मात्र जवळजवळ एकाच वेळी अख्खा देश व्यापते.

२० मार्च २०१५ चे ग्रहण ही युरोपातली पहिली मोठी परीक्षा. १९९९ च्या ग्रहणावेळी तिथे सौरवीज नावापुरतीच होती. २०१५ पर्यंत एकट्या जर्मनीत सुमारे ३८ हजार मेगावॅट क्षमतेची पॅनेले बसली होती. सकाळी साडेनऊनंतर सूर्य झाकला जाऊ लागला आणि तासाभरात निर्मिती निम्म्याच्या आसपास आली. खरी कसरत त्यानंतरची. ग्रहण सुटेपर्यंत दुपार होत आली होती, सूर्य वर चढला होता. त्यामुळे गेली त्याहून कितीतरी जास्त वीज परत आली, आणि तीही झपाट्याने. मागणी-पुरवठ्याचा मेळ बिघडला की ५० हर्ट्‌झची वारंवारता ढळते.

म्हणून राखीव वीज आधीच वाढवून ठेवली होती. उदंचन जलविद्युत केंद्रांचा (आपल्याकडे घाटघरला आहे तशा) इथे मोठा उपयोग: पाणी खाली सोडून तूट भरायची, ऊन परतले की तेच पाणी वर चढवून जादा वीज जिरवायची. इटलीने तर बरेच मोठे सौरप्रकल्प त्या दिवशी बंदच ठेवले. दिवे गेले नाहीत. ग्रहणाचे वेळापत्रक कित्येक वर्षे आधी हाती असते. अवचित पडणाऱ्या धुक्याचे नसते.