टर्बोचार्जर आणि नियंत्रक-पेटीची निवड

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या रेट्याने चक्र फिरवून इंजिनात अधिक हवा कोंबावयाची, या युक्तीचे पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली घेतले. तोच आजचा टर्बोचार्जर. तो बदलून मोठा बसविला, की हवा वाढते. परंतु तिच्याशी इंधनाचा व ठिणगीच्या वेळेचा मेळ बसावा लागतो. हा मेळ इंजिनाचा संगणक राखतो.

बाजारातील साधी ट्यूनिंग-पेटी दाबमापक आणि संगणक यांच्यामध्ये जोडली जाते व प्रत्यक्षाहून कमी दाब कळविते. संगणक फसतो आणि दाब वाढवितो. मूळ टर्बोवर किंचित वाढीपुरते हे निभते. मोठ्या टर्बोवर मात्र दाब मर्यादेपलीकडे गेला, तरी संगणकाला त्याची वार्ता लागत नाही. पेट्रोल इंजिनात इंधन अपुरे पडल्यास दट्ट्या वितळण्यापर्यंत पाळी येते.

कोलकात्यालगतचे सॉल्ट लेक दलदलीत हुगळीचा गाळ भरून वसविलेले, समुद्रसपाटीहून थोडेसेच उंच. तेथे जुळविलेली मोटार सुमारे २,००० मीटर उंचीवरील दार्जिलिंगला नेल्यास हवा जवळजवळ एक-पंचमांशाने विरळ मिळते. तोच दाब राखण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. अशा वेळी खोटे माप अधिकच घातक ठरते.

म्हणून मोठ्या टर्बोसाठी मूळ संगणकाची आज्ञावली नव्याने लिहवून घ्यावी, अथवा स्वतंत्र नियंत्रक बसवावा. आणि डायनॅमोमीटरवर हवा व इंधन यांचे प्रमाण तपासावे. नियंत्रकाला खरे माप कळणे, हीच निवडीची पहिली कसोटी होय.