टेबलाचं पोट, घराची पाठ

मेक्सिकोच्या दक्षिणेकडील ओआहाका राज्यात, उंच डोंगराळ मुलखात चाल्काटोंगो हे गाव आहे. तिथल्या मिश्तेक भाषेत ‘वर’, ‘खाली’, ‘आत’ सांगणारी स्वतंत्र अव्ययं फारशी नाहीत. ते काम अवयवांची नावंच करतात. पक्षी झाडाच्या शेंड्यावर बसला, तर तो झाडाच्या डोक्यावर, ‘शिनी’वर बसला. दगड टेबलाखाली असला, तर तो टेबलाच्या पोटाशी आहे. चटईवरची वस्तू चटईच्या चेहऱ्यावर असते.

सगळ्यांत लक्षवेधी आहे ती पाठ. माणसाच्या पाठीला एक शब्द आणि जनावराच्या पाठीला दुसरा. छपरावर चढलेला माणूस घराच्या ‘सिकि’वर, म्हणजे जनावराच्या पाठीवर असतो. माणूस ताठ उभा राहतो, त्यामुळे त्याचं डोकं सर्वांत वर. चार पायांच्या प्राण्याची मात्र आडवी पाठच वर आणि पोट जमिनीकडे. म्हणून उंच झाडाला डोकं मिळालं, पसरट घराला पाठ मिळाली आणि टेबलाचं पोट खाली गेलं. एकाच भाषेत दोन्ही शरीरांचे नकाशे नांदतात. भाषाशास्त्रज्ञ क्लॉडिया ब्रुगमन यांनी 1980च्या दशकात या रचनेचा अभ्यास केला, जॉर्ज लेकॉफ यांनी 1987च्या ग्रंथात तिची मीमांसा केली आणि मोनिका मकॉली यांचं या भाषेचं व्याकरण 1996 मध्ये आलं.

आफ्रिकी भाषांची तुलना करताना बेर्न्ड हायने यांनाही हेच दोन नमुने आढळले. माणसाच्या शरीरावरून घडलेला नमुना जास्त आढळतो. प्राण्याच्या शरीरावरून घडलेला पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांच्या भाषांत ठळक आहे. तिथे ‘डोकं’ या शब्दावरून ‘पुढे’ असा अर्थ निघतो.

मेक्सिकोतल्याच त्सेल्ताल या माया भाषेने मात्र वेगळी वाट धरली. स्टीफन लेव्हिन्सन यांनी 1994 मध्ये दाखवलं, की तिथे वस्तूचे अवयव प्रामुख्याने तिच्या आकारावरून, तिच्या अक्षांवरून ठरतात. सगळीकडे केवळ शरीराचं रूपक शोधून भागत नाही, हे त्यातून कळलं.

मराठीतही अवयवांचं व्याकरण झालं आहे. ‘प्रेमापोटी’ म्हणताना पोट कुणालाच आठवत नाही. उरतं ते फक्त कारण. ‘पाठीमागे’ची गतही तीच. सह्याद्रीत डोंगराला माणसासारखा माथा आहे आणि हत्तीसारखी सोंडही.

अवकाश समजून घ्यायला शरीर सगळ्यांच्याच हाताशी असतं. पण त्यातलं काय उचलायचं, हे प्रत्येक भाषा स्वतः ठरवते. मानवी बुद्धीला किती वाटा सुचू शकतात, याचा पुरावा अशाच भाषांत साठलेला आहे. आज मिश्तेक कुटुंबं कॅलिफोर्नियाच्या शेतांपर्यंत पोचली आहेत, आणि मुलांच्या तोंडी स्पॅनिश, इंग्रजी येते आहे. मिश्तेक मुलांना त्यांच्या भाषेत शिकता येणं हा त्यांचा हक्क आहे, आणि विज्ञानाचीही ती गरज आहे.