उणे अठरा अंशांवरची स्ट्रॉबेरी

मार्चमध्ये महाबळेश्वर-पाचगणीहून घाट उतरणाऱ्या गाड्यांत स्ट्रॉबेरीची खोकी हमखास असतात. फळ नाजूक, दोन दिवसांत मऊ पडायला लागतं. मग उरलेलं फ्रीजरमध्ये जातं. तिथून काढताना हाती टणक, लालबुंद खडे येतात. तासाभराने बघावं, तर फळ मलूल आणि ताटलीत रसाचं तळं. आत असं झालं तरी काय?

ठरलेलं उत्तर असं, की पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पेशी फुटतात. हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं जास्त नवलाचं आहे.

स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, पण त्यात साखर आणि आम्लं विरघळलेली. म्हणून ते शून्याच्या किंचित खाली गोठायला लागतं. सावकाश गोठणाऱ्या फळात बर्फाचे पहिले कण पेशींच्या आत नाही, तर दोन पेशींमधल्या फटींत धरतात. तिथलं पाणी बर्फात अडकलं, की उरलेला रस दाट होतो आणि शेजारच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढतो. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच हे. फक्त इथे मीठ कुणी टाकलेलं नसतं. पेशी आतून सुकत जाते आणि बाहेरून स्फटिक तिला टोचत राहतात. फळाचा ताठपणा म्हणजे पेशींतल्या पाण्याचा दाब. पेशींची पटलं एकदा फाटली, की बर्फ वितळूनही तो दाब परत येत नाही.

सगळी मदार वेगावर. गोठण सुरू झाल्यापासून उणे पाचपर्यंतचा टप्पा रेंगाळत पार पडला, तर मोजके पण मोठे स्फटिक होतात. झपाट्याने पार पडला, तर असंख्य बारीक. अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआयने १९१० नंतरच्या दशकात आता कॅनडात असलेल्या लॅब्राडोरला पाहिलं, की कडाक्याच्या थंडीत पकडल्या पकडल्या गोठणारे इनुइट लोकांचे मासे महिन्यांनंतरही ताजे लागतात. त्या निरीक्षणातून त्याने झटपट गोठवण्याची यंत्रं बनवली. १९३० च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डच्या दुकानांत त्याचा गोठवलेला माल विकायला आला, तेव्हा त्यात बेरीफळंही होती.

घरच्या उणे अठराच्या फ्रीजरला तेवढा झपाटा नाही, पण थोडी मदत करता येते. पूर्ण पिकलेलीच फळं घ्यावीत, कारण स्ट्रॉबेरी तोडल्यावर आणखी पिकत नाही. देठासकट धुवावीत, कोरडी पुसावीत, मग देठ काढून ताटात एका थरात, एकमेकांना न टेकता ठेवावीत. डब्यात ढीग केला, तर मधल्या फळापर्यंत थंडी पोचायला वेळ लागतो आणि शेवटी एकच गोळा हाती येतो. रात्रभरात कडक झाली, की पिशवीत भरून जमेल तेवढी हवा काढायची.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. शुद्ध पाणी बर्फात जातं तसा उरलेला रस गोड होत जातो, आणि जितका गोड तितका गोठायला नाखूश. उणे अठरालाही त्याचा थोडासा भाग पाकाच्याच रूपात राहतो! टणक फळात हा पाक जागा असतो. त्यात रंग आणि वास फार हळू, पण बदलत राहतात. फ्रीजरचं तापमान जरा वरखाली झालं, की बारीक स्फटिक विरतात आणि मोठे आणखी मोठे होतात. काही बर्फ तर पाणी न होता थेट वाफ होऊन उडतो. पिशवीत आतून जमलेलं हिम हे बहुतांशी फळाचंच पाणी. म्हणून वर्षभरात फळ संपवलेलं बरं. जंतूही थंडीत बहुतेक नुसते थिजतात, सगळे मरत नाहीत. वितळून बराच वेळ बाहेर राहिलेलं फळ पुन्हा गोठवायला ठेवू नये.

कापून क्रीमबरोबर खायला गोठवलेलं फळ निराश करील. पण मिल्कशेकला, जॅमला ते ताज्याहून सोयीचं वाटतं: पेशी आधीच फुटलेल्या, त्यामुळे रस आणि लाल रंग चटकन सुटतो. जॅमसाठी तर वितळवायचीही गरज नाही. गोठलेली फळं तशीच पातेल्यात घालायची आणि मंद आचेवर साखर टाकायची. ताटलीत वाया जाणारं ते रसाचं तळं मग पातेल्यातच राहतं.